मॅट्रिजेल जीएफआर: डीसीआयएस नलिकेबाहेर कसा पडतो हे तपासायला ही बाटली किती कामाची?

उत्पादन: कॉर्निंगचं मॅट्रिजेल, म्हणजे पेशी वाढवायचं प्रथिनांचं जेल, ग्रोथ फॅक्टर रिड्यूस्ड म्हणजे जीएफआर प्रकार, १० मिलीची बाटली, कॅटलॉग क्रमांक ३५४२३०. फिनॉल रेड हा रंग नको असेल तर ३५६२३१. परीक्षण एकाच प्रश्नापुरतं आहे: दुग्धनलिकेच्या आतच अडकून असलेला स्तनाचा कर्करोग, म्हणजे डीसीआयएस, नलिकेची भिंत ओलांडून इन्व्हेजिव्ह कसा होतो. स्टेम सेल, रक्तवाहिन्या, आतड्याचे ऑर्गेनॉइड यांसाठीही हीच बाटली चालते, पण त्याबद्दल इथे काही नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. स्तनाच्या पेशींना तिन्ही मितींत वाढवून गोल, आतून पोकळ ॲसिनाय करायचे असतील, तर आजही या बाटलीला तोड नाही. मात्र तीच बाटली छिद्रांच्या चेंबरवर पसरायची, खाली उतरलेल्या पेशी मोजायच्या आणि त्या आकड्याच्या जोरावर डीसीआयएस कसा फुटतो ते सांगायचं, हे जमण्यातलं नाही. दोष बाटलीचा कमी आणि तिच्याकडून ठेवलेल्या अपेक्षेचा जास्त आहे. बऱ्याच लॅबमध्ये पीएचडीच्या पहिल्या वर्षाला हीच ऑर्डर सगळ्यात आधी जाते, म्हणून हे जरा सविस्तर.

आधी शरीरात काय असतं ते. दुग्धनलिकेत आतल्या बाजूला ल्युमिनल पेशी, त्यांच्याभोवती मायोएपिथेलियल पेशींचा थर आणि त्याबाहेर बेसमेंट मेम्ब्रेन, म्हणजे प्रथिनांचं अतिशय पातळ, घट्ट विणलेलं पटल. जाडी साधारण शंभर ते काही शे नॅनोमीटर. त्यापलीकडे कोलॅजेन-१ चे जाड धागे, ते तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी, चरबी. डीसीआयएसमध्ये कर्कपेशींनी नलिका भरलेली असते, पण मायोएपिथेलियल थर आणि पटल शाबूत असतात. पॅथॉलॉजिस्ट पी६३, कॅल्पोनिन किंवा स्मूथ मसल मायोसिनचं स्टेनिंग करून नेमकं हेच पाहतात. थर सलग दिसला तर डीसीआयएस, तुटून पेशी बाहेर आल्या असतील तर इन्व्हेजिव्ह.

हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. स्क्रीनिंग मॅमोग्राफी रुळलेल्या देशांत तपासणीत सापडणाऱ्या स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा डीसीआयएस असतो, आणि त्यातले सगळे काही इन्व्हेजिव्ह होत नाहीत. अमेरिकेतल्या कॉमेट चाचणीचे पहिले निकाल डिसेंबर २०२४ मध्ये आले. कमी धोक्याच्या डीसीआयएसमध्ये दोन वर्षांत इन्व्हेजिव्ह कर्करोग सापडण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या गटात ५.९ टक्के आणि नुसतं लक्ष ठेवलेल्या गटात ४.२ टक्के होतं. दोन वर्षं हा काळ थोडा आहे, पण कुणाची शस्त्रक्रिया टाळता येईल हे ठरवायला भिंत का फुटते हे कळणं किती गरजेचं आहे, ते यावरून दिसतं. आपल्याकडे मॅमोग्राफीचं संघटित स्क्रीनिंग नाही. बहुतेक बायका गाठ हाताला लागल्यावर येतात, त्यामुळे शुद्ध डीसीआयएसचं ताजं ऊतक मिळणं दुरापास्त. भार मग सेल लाइनवर, म्हणजे लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या पेशींवर, आणि पर्यायाने या बाटलीवर येतो.

बाटलीत नेमकं काय आहे? उंदराच्या एंगेलब्रेथ-होल्म-स्वार्म सार्कोमा नावाच्या ट्यूमरचा अर्क. हा ट्यूमर बेसमेंट मेम्ब्रेनची प्रथिनं भरमसाट तयार करतो हे १९७७ च्या सुमारास लक्षात आलं, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या हिंडा क्लाइनमन आणि जॉर्ज मार्टिन यांच्या गटाने १९८० च्या दशकात त्याचा अर्क काढून ३७ अंशांवर त्याचं जेल करायची पद्धत बसवली. साधारण ६० टक्के लॅमिनिन-१११, ३० टक्के कोलॅजेन-४, ७-८ टक्के एन्टॅक्टिन, थोडं परलेकन आणि बाकी ट्यूमरमधून आलेलं सटरफटर. हे सटरफटर किरकोळ समजू नका. २०१० मध्ये झालेल्या प्रथिन-विश्लेषणात जीएफआर प्रकारातही १,८०० हून अधिक वेगवेगळी प्रथिनं सापडली, आणि दोन बॅचमधलं साम्य जेमतेम ५३ टक्के निघालं.

'ग्रोथ फॅक्टर रिड्यूस्ड' या शब्दांवर विसंबण्याआधी कंपनीचा तक्ता बघा. आयजीएफ-१ हा ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढीचा इशारा देणारं प्रथिन, साध्या बाटलीत मिलीमागे सरासरी १५.६ नॅनोग्रॅम असतो, तो जीएफआरमध्ये ५ वर येतो. टीजीएफ-बीटा हा दुसरा फॅक्टर मात्र २.३ वरून १.७ वरच उतरतो. आणि डीसीआयएसच्या फुटण्यात ज्याचं नाव वारंवार येतं तो नेमका टीजीएफ-बीटा. म्हणजे जो घटक कमी व्हायला हवा होता तोच सगळ्यात कमी कमी झालाय. टीजीएफ-बीटावर काम असेल तर त्याच्या रिसेप्टरचा इनहिबिटर घातलेला एक कंट्रोल प्रत्येक प्रयोगात ठेवा, नाहीतर बाटलीतल्या टीजीएफ-बीटाचा परिणाम फायब्रोब्लास्टच्या खात्यावर जमा होईल.

खरेदी आणि साठवण. किंमत रुपयांत पाच आकडी आहे, त्यामुळे आधी लॉट तपासून मग घ्या. लॉट क्रमांक टाकला की सर्टिफिकेट ऑफ ॲनालिसिस वेबसाइटवर मिळतं. त्यात तीन गोष्टी बघायच्या: प्रथिनाचं प्रमाण, एंडोटॉक्सिन (जीवाणूंचं विष) आणि उंदरांत आढळणाऱ्या एलडीईव्ही विषाणूची चाचणी. ॲसिनायसाठी प्रथिन मिलीमागे १० मिलिग्रॅमच्या आसपास हवं. ८ च्या जवळचा लॉट आला तर जेल मऊ पडतं, पेशी खाली काचेपर्यंत उतरतात आणि पसरतात. विक्रेत्याकडे दोन-तीन लॉटचे छोटे नमुने मागावेत, एमसीएफ१०ए वर, म्हणजे कर्करोग नसलेल्या स्तनपेशींच्या सेल लाइनवर, पंधरवड्याची चाचणी घ्यावी आणि पसंत पडलेल्या लॉटच्या वर्षभर पुरतील इतक्या बाटल्या राखून ठेवायला सांगाव्यात. एका पेपरच्या सगळ्या आकृत्या एकाच लॉटवर झाल्या तर रिव्ह्यूअरला उत्तर देताना जीव टांगणीला लागत नाही.

माल ड्राय आइसमध्ये येतो. शुक्रवारी पोचेल अशी ऑर्डर देऊ नका. शनिवार-रविवार पार्सल कुठे पडून राहील सांगता येत नाही. खोका उघडल्यावर ड्राय आइस शिल्लक आहे का आणि बाटली दगडासारखी कडक आहे का, हे कुरिअरवाल्यासमोरच बघून घ्या. रंगावरून घाबरू नका. पिवळसर ते गडद लाल यांतलं काहीही चालतं. बायकार्बोनेट आणि फिनॉल रेडचा कार्बन डायऑक्साइडशी संबंध येतो म्हणून तो बदलतो, आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवल्यावर सारखा होतो. घाबरायचं ते गुठळ्यांना. हलवल्यावर जेलीसारखे कण दिसले तर बाटली वाटेत एकदा गरम होऊन घट्ट झालेली आहे. अशी बाटली परत पाठवायची, 'थोडं वापरून बघू' करायचं नाही.

घरगुती पद्धतीचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज अजिबात नको. त्यात बर्फ साचू नये म्हणून तापमान अधूनमधून वर जातं, आणि दर वेळी मॅट्रिजेलचं थोडं नुकसान होतं. उणे २० चा साधा डीप फ्रीजर, तोही आत, दारापासून लांब. वीज जाणाऱ्या इमारतीत असाल तर बाटलीभोवती गोठवलेल्या जेल-पॅकची चळत ठेवा.

वितळवण्यात सगळ्यात जास्त माल वाया जातो. रात्री बाटली बर्फात खुपसून, बर्फाचं भांडं कोल्ड रूममध्ये किंवा ४ अंशांच्या फ्रीजमध्ये मागच्या बाजूला ठेवा. सकाळी बर्फातच हलक्या हाताने गोल फिरवा. व्हॉर्टेक्स नाही, बुडबुडे होतात. टिपा, ट्यूब आणि पिपेट आदल्या रात्रीच उणे २० मध्ये गेलेले हवेत. १० अंशांच्या वर गेलं की जेल धरायला सुरुवात होते आणि २२ अंशांपुढे ते झपाट्याने घट्ट होतं. एप्रिलमध्ये एसी बंद असलेल्या लॅबच्या टेबलावर तर बघता बघता काम उरकतं. एकदा घट्ट झालेलं बर्फात ४ अंशांवर एक-दोन दिवस ठेवून पुन्हा पातळ होऊ शकतं, पण त्या भरवशावर राहू नका. पहिल्याच वितळवण्यात छोटे भाग पाडा आणि पुन्हा गोठवा. वापरताना एक भाग एकदाच वितळवायचा, उरलेलं टाकून द्यायचं.

भाग किती मोठे करायचे, याचा हिशोब आठ वेलच्या, म्हणजे आठ खळग्यांच्या, चेंबर स्लाइडवर घालू. तळाला वेलमागे ४५ मायक्रोलिटर म्हणजे ३६०, सांडलवंड धरून ४००. वरच्या माध्यमात २ टक्के, वेलमागे ४०० मायक्रोलिटर माध्यम, म्हणजे एका वेळेला ६४ मायक्रोलिटर. सुरुवातीला एकदा आणि मग चौथ्या, आठव्या, बाराव्या दिवशी माध्यम बदलताना तीनदा. एकूण साधारण ६५० ते ७०० मायक्रोलिटर. म्हणजे एका बाटलीत सोळा दिवसांच्या चौदा-एक स्लाइड बसतात. भाग ४०० चे आणि ७० चे असे दोन मापांचे करावेत. सगळे एक मिलीचे केले तर दर चौथ्या दिवशी ६४ मायक्रोलिटरसाठी मिलीभर वितळवून नव्वद टक्क्यांहून जास्त गटारात जातं.

आता ज्यासाठी ही बाटली घ्यावीच, ते काम. पद्धत जयंत देबनाथ, सेंथिल मुथुस्वामी आणि जोन ब्रुग यांनी २००३ मध्ये लिहून ठेवलेली, आणि मुळात मिना बिसेल यांच्या गटाने १९९२ मध्ये दाखवलेल्या गोष्टीवर उभी: या जेलमध्ये निरोगी स्तनपेशी छोटे शिस्तबद्ध गोल करून वाढ थांबवतात, कर्कपेशी बेशिस्त ढीग करतात.

स्लाइड बर्फावर ठेवून वेलमध्ये ४५ मायक्रोलिटर मॅट्रिजेल सोडा आणि २०० च्या टिपेच्या टोकाने कोपऱ्यांपर्यंत पसरा. कडेला चढू द्यायचं नाही. कड उंच राहिली की पेशी मध्यभागी घसरून गोळा होतात आणि दहाव्या दिवशी ॲसिनाय एकमेकांना चिकटलेले दिसतात. ३७ अंशांवर १५ ते २० मिनिटं. त्याहून फार लांबवलं तर थर वाळून चिरतो. पेशी ट्रिप्सिनने नीट सुट्या करून मिलीमागे २५,००० करा. दुसऱ्या ट्यूबमध्ये ४ टक्के मॅट्रिजेल आणि मिलीमागे १० नॅनोग्रॅम ईजीएफ हा ग्रोथ फॅक्टर असलेलं माध्यम. दोन्ही समसमान मिसळलं की २ टक्के आणि ५ नॅनोग्रॅम होतं. वेलमागे ४०० मायक्रोलिटर घातलं की ५,००० पेशी. पेशी सुट्या झाल्या आहेत हे मायक्रोस्कोपखाली पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. चार पेशींच्या पुंजक्यातून झालेला गोल एका पेशीतून झालेल्या गोलापेक्षा मोठा आणि वेडावाकडा असतो, आणि त्यालाच नंतर 'इन्व्हेजिव्ह आकार' म्हणून मोजलं जातं.

एमसीएफ१०ए ला पाच-सहा दिवसांत बाहेर-आतची दिशा कळते, नंतरच्या काही दिवसांत आतल्या पेशी मरून पोकळी व्हायला लागते, आणि दोन आठवड्यांच्या पुढे वाढ जवळपास थांबते. एमसीएफ१०डीसीआयएस डॉट कॉम ही डीसीआयएससारखी वाढणारी ओळ (सेल लाइन), जी डेट्रॉइटच्या कार्मानोस संस्थेत तयार होऊन २००० मध्ये प्रसिद्ध झाली, त्याच तळावर मोठे, भरीव गोल करते आणि काहींतून बाहेर दोऱ्यासारख्या फांद्या फुटतात. दोन्ही ओळी एकाच स्लाइडवर, शेजारशेजारच्या वेलमध्ये वाढवा. एमसीएफ१०ए पोकळ झाली नाही तर त्या स्लाइडवरच्या दुसऱ्या ओळीबद्दल काहीही बोलायचं नाही. तळ बिघडला आहे. हा अंतर्गत कंट्रोल आहे आणि त्याला वेगळा खर्च नाही.

स्टेनिंगच्या वेळी दोन खोड्या निघतात. एक, ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये जास्त वेळ ठेवलं की जेल सुटतं आणि ॲसिनाय धुण्यात वाहून जातात. ताजं २ टक्के, खोलीच्या तापमानाला २० मिनिटं पुरे. दोन, पेशींनी स्वतः पटल घातलं का हे बघायला लॅमिनिन-१११ किंवा कोलॅजेन-४ ची अँटिबॉडी लावली तर सगळा तळच चमकतो, कारण बाटलीत तेच आहे. लॅमिनिन-३३२ घ्या. ते मॅट्रिजेलमध्ये नसतं, म्हणून जे दिसेल ते पेशींनी घातलेलं. निरोगी गोलाभोवती त्याची सलग कड दिसते. फांदी फुटते तिथे ती कड विरळ होते किंवा तुटते. फुटण्याची जागा प्रत्यक्ष दाखवणारं यापेक्षा स्वस्त चित्र दुसरं नाही.

आता चेंबर. ॲड्रियाना अल्बिनी आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ही चाचणी मांडली, आणि तेव्हापासून ती इतकी सोपी पडली की तिच्याबद्दल विचार करणं सुटलं. ८ मायक्रोमीटर छिद्रांचा पडदा, वर मॅट्रिजेलचा थर, वरच्या कप्प्यात सीरम नसलेलं माध्यम आणि पेशी, खाली सीरम, २२ तासांनी खाली उतरलेल्या मोजायच्या. तयार थर दिलेले चेंबर मिळतात, पण सुट्या बाटलीतून लावणं बरंच स्वस्त. थराला मिलीमागे २०० ते ३०० मायक्रोग्रॅम प्रथिन, २४ वेलच्या प्लेटमधल्या इन्सर्टला, म्हणजे तळाला हा पडदा असलेल्या छोट्या कपाला, १०० मायक्रोलिटर. लॉट ९.६ मिलिग्रॅमचा असेल आणि २४ इन्सर्टसाठी २५० मायक्रोग्रॅमचं २.५ मिली करायचं असेल तर ६५ मायक्रोलिटर मॅट्रिजेल गार बफरमध्ये. '१:४० करा' असं प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. ८ च्या आणि १२ च्या लॉटमध्ये तोच १:४० दीडपट फरक पाडतो.

इन्सर्ट तिरका धरून उतरवा, नाहीतर खाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि तेवढ्या भागात एकही पेशी उतरत नाही. वरच्या पेशी कापसाच्या बोळ्याने दोनदा पुसा. कडेला राहिलेल्या पेशी हमखास आकड्यात घुसतात. थर नसलेले कंट्रोल इन्सर्ट प्रत्येक वेळी हवेतच आणि आकडा त्यांच्या टक्केवारीत द्यायचा. तो न देता नुसत्या जांभळ्या ठिपक्यांचे फोटो छापलेले पेपर अजून निघतात. ज्या जीनने पेशी भराभर वाढतात त्याने २२ तासांत आकडा तसाही फुगतो, म्हणून त्याच पेशींची त्याच वेळेपुरती वाढही वेगळी मोजावी.

एवढं सगळं बरोबर केलं तरी मूळ अडचण राहतेच. शरीरातलं पटल काही शे नॅनोमीटर जाड, पण त्यातली कोलॅजेन-४ ची जाळी एकमेकींना रासायनिक बंधांनी पक्की जोडलेली. मॅट्रिजेलचा थर त्याच्या कितीतरी पट जाड, पण त्यात हे बंध जवळजवळ नाहीत. विटा, वाळू, चुना एकत्र ओतला म्हणून भिंत होत नाही. पेशी अशा थरातून काहीही न कापता, नुसती ढकलाढकली करून वाट काढू शकते. मिशिगन विद्यापीठातल्या स्टीफन वाइस यांच्या गटाने २००६ मध्ये प्राण्यांच्या उदरपोकळीच्या अस्तरातलं खरं पटल वापरून दाखवलं, की ते ओलांडायला कर्कपेशींना पेशीपृष्ठावरचे एमटी-एमएमपी हे कापणारे एन्झाइम लागतात. ज्यांचा इतका गाजावाजा होता ते एमएमपी-२ आणि एमएमपी-९ नसले तरी चालतं. चेंबरमध्ये एमएमपी-९ घटवल्यावर आकडा खाली आला, एवढ्यावर डीसीआयएसचं कोडं सुटल्याचं सांगणारे निष्कर्ष या फरकापुढे टिकत नाहीत. त्यात मॅट्रिजेलमध्ये उंदराचा जिलेटिनेज, म्हणजे याच एमएमपी-२, एमएमपी-९ प्रकारचा एन्झाइम, मुळातच असतो. झायमोग्राफी (एन्झाइमचं कापणं जेलवर पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) करणार असाल तर पेशी नसलेल्या जेलची एक लेन चालवा, पट्टी दिसेल.

याहून मोठी गोष्ट अशी, की डीसीआयएसमध्ये जे हरवत जातं, तेच ही बाटली भरून देते. डेन्मार्क आणि आइसलँडच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या गटाने २००२ मध्ये दाखवलं होतं की ल्युमिनल पेशी नुसत्या कोलॅजेन-१ मध्ये ठेवल्या तर त्यांची आत-बाहेरची दिशा उलटी होते. निरोगी मायोएपिथेलियल पेशी सोबत घातल्या की सरळ होते, कारण त्या लॅमिनिन-१११ तयार करतात. ट्यूमरमधून काढलेल्या मायोएपिथेलियल पेशींना हे जमेना, कारण त्यांचं लॅमिनिन-१११ आटलेलं होतं. म्हणजे पहारेकरी जागेवर दिसतो पण काम बंद. आता बाटलीत ६० टक्के काय आहे ते वर पाहिलंच. पेशींना लॅमिनिनने वेढून टाकलं की पहारा गेल्याचा परिणाम झाकला जातो. बोस्टनमध्ये कॉर्नेलिया पॉलियाक यांच्या गटाने २००८ मध्ये उंदरांत दाखवलं की निरोगी मायोएपिथेलियल पेशी डीसीआयएस रोखून धरतात आणि फायब्रोब्लास्ट त्याला पुढे रेटतात. या दोन्ही पात्रांना चेंबरमध्ये जागाच नाही.

म्हणून ज्यांना फुटण्याचाच अभ्यास करायचा आहे त्यांनी मॅट्रिजेल आत आणि कोलॅजेन-१ बाहेर अशी दोन थरांची मांडणी करावी. जॉन्स हॉपकिन्समधल्या अँड्र्यू इवाल्ड यांच्या गटाने २०१२ मध्ये एकाच ट्यूमरचे तुकडे दोन्हींत वेगवेगळे वाढवले: मॅट्रिजेलमध्ये ते निमूट वाढले, कोलॅजेन-१ मध्ये फांद्या फुटून पेशी बाहेर पडल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं की फांदीच्या टोकाला केराटिन-१४ असलेल्या पेशी पुढारपण करतात. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामराय भट यांचा गट पेशींच्या पुंजक्यावर आधी लॅमिनिनयुक्त आवरण चढवून मग तो कोलॅजेन-१ मध्ये रुजवतो. नलिका, पटल, बाहेरचं ऊतक हा क्रम त्यात बराचसा साधतो.

करायला अवघड नाही. न चिकटणाऱ्या, पॉलीहेमा लावलेल्या प्लेटमध्ये ४ टक्के मॅट्रिजेल असलेल्या माध्यमात पुंजके होऊ द्या. मायोएपिथेलियल पेशी घालायच्या तर याच टप्प्यावर. उंदराच्या शेपटीचं कोलॅजेन-१ बर्फावर १० पट माध्यम आणि सोडियम हायड्रॉक्साइडने ७.२ ते ७.४ पीएचवर आणा. मिलीमागे १ ते ३ मिलिग्रॅम. सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने आणि बर्फातच घाला. एकदा आठच्या वर गेलं की धागे नीट बनत नाहीत. आणखी एक बारीक गोष्ट: उदासीन केलेलं कोलॅजेन तसंच बर्फात ठेवून धागे किंचित धरू द्या आणि मग ३७ अंशांवर न्या. लगेच गरम केलं तर धागे आखूड आणि बारीक होतात, आणि त्यात पेशी कमी फुटतात. हा वेळ प्रत्येक प्रयोगात सारखा ठेवला नाही तर सोमवारच्या आणि गुरुवारच्या निकालांची तुलना होत नाही. बुडबुडे नकोत, आणि पुंजके तळाला बसू नयेत म्हणून आधी कोलॅजेनचा एक पातळ थर देऊन तो धरल्यावर वरचा ओता.

या मांडणीत मॅट्रिजेल इतकं कमी लागतं की बाटली जास्त काळ पुरते.

कडकपणाबद्दल थोडं. मॅट्रिजेल मऊ आहे, काहीशे पास्कलच्या घरात, निरोगी स्तनाच्या जवळपास. ट्यूमरभोवतीचं ऊतक काही किलोपास्कलपर्यंत जातं. मॅट्रिजेलचं प्रमाण वाढवून कडकपणा वाढवायला गेलात तर लॅमिनिनही वाढतं आणि कशाचा परिणाम ते कळत नाही. अल्जिनेट मिसळून, मॅट्रिजेल तेवढंच ठेवून कॅल्शियमने कडकपणा बदलणं हा त्यावरचा सरळ उपाय. २०१४ मध्ये ओविजित चौधुरी आणि डेव्हिड मूनी यांच्या गटाने याच पद्धतीने ३० आणि ३१० पास्कलमधला फरकसुद्धा एमसीएफ१०ए ला बिघडवायला पुरतो हे दाखवलं.

उंदरांसाठी: कातडीखाली टोचायला पेशी गार मॅट्रिजेलमध्ये निम्मं-निम्मं मिसळतात, सिरिंज आणि सुईही गार लागते. पण डीसीआयएससाठी स्तनाग्रातून थेट नलिकेत पेशी सोडण्याची एमआयएनडी पद्धत जास्त चांगली. त्यात दोनेक मायक्रोलिटर द्रवात दहा हजारांच्या आसपास पेशी जातात, उंदराचं स्वतःचं मायोएपिथेलियम आणि पटल आयतं मिळतं, आणि मॅट्रिजेलची गरजच राहत नाही. हात बसायला वेळ लागतो.

पर्यायांपैकी कल्ट्रेक्स आणि जेलट्रेक्स त्याच ट्यूमरचे अर्क आहेत. लेबल बदलल्याने मूळ अडचण बदलत नाही, पण दर आणि लॉटची उपलब्धता बघून बदलायला हरकत नाही. फक्त प्रयोग अर्ध्यावर असताना नको. पेप्टाइड (प्रथिनांचे छोटे तुकडे) जोडलेले पीईजी या पॉलिमरचे कृत्रिम जेल लॉटच्या कटकटीतून सोडवतात आणि कडकपणा हवा तसा देतात. स्तनपेशींचे पोकळ ॲसिनाय त्यात मॅट्रिजेलइतके सहज होत नाहीत, पेप्टाइड आणि कापले जाणारे दुवे जुळवण्यात महिने जातात. ज्यांच्याकडे रसायनशास्त्राचा जोडीदार आहे त्यांनीच त्या वाटेला जावं.

प्रोटिओमिक्स, म्हणजे पेशींतल्या सगळ्या प्रथिनांची मोजणी, करणाऱ्यांनी पेशी बाहेर काढताना ४ अंशांवर ईडीटीए घातलेल्या पीबीएसमध्ये हळूहळू हलवत तासभर ठेवावं आणि दोनदा धुवावं. तरीही उंदराचं लॅमिनिन यादीत येणारच. डेटाबेस शोधताना माणसाची आणि उंदराची प्रथिनं एकत्र टाकून फक्त माणसाचीच म्हणता येतील ती पेप्टाइड धरा. आरएनएला हा त्रास जवळजवळ नाही.

एमसीएफ१०डीसीआयएस डॉट कॉम वापरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की ती इस्ट्रोजेन रिसेप्टर नसलेली ओळ आहे, आणि रुग्णांमधला बहुतांश डीसीआयएस इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेला असतो. चांगल्यातलं चांगलं मॅट्रिजेल घेतलं तरी हे अंतर भरत नाही.

पहिल्यांदाच घेत असाल तर १० मिलीच्या मागे न लागता ५ मिलीची बाटली आणि उंदराच्या शेपटीच्या कोलॅजेन-१ ची १०० मिलिग्रॅमची बाटली, क्रमांक ३५४२३६, एकत्र मागवा. तयार थर दिलेल्या चेंबरचा खोका कोटेशनमधून काढून टाका आणि त्या पैशांत लॅमिनिन-३३२ ची अँटिबॉडी बसवा. मॅट्रिजेलचा लॉट क्रमांक आणि त्यावरचं प्रथिनाचं प्रमाण प्रत्येक भागाच्या ट्यूबवर लिहा, झाकणावर नाही, झाकणं बदलतात.